कोल्हापूरच्या कारखान्यांतील कॉम्प्रेसर : दाबाखालील हवेच्या मांडणीचा इतिहास

प्रस्तावना

कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी आजवर मुख्यतः दोन गोष्टींभोवती झालेली आहे. एक ऑइल इंजिन आणि दुसरी ओतकामाची भट्टी. इंजिन दिसते, त्याचा आवाज शिवारात ऐकू येतो, त्यावर कारखान्याचे नाव कोरलेले असते. भट्टी तर दुरूनही दिसते. या दोहोंच्या मधल्या जागेत, बहुधा शेडच्या मागील भिंतीलगत, एका पत्र्याच्या छपराखाली उभा असलेला कॉम्प्रेसर मात्र इतिहासलेखकाच्या नजरेतून सुटला. त्याच्यापासून निघून भिंतीवरून फिरणाऱ्या नळीकडे, म्हणजे कामगारांच्या भाषेतील ‘एअर लाइन’कडे, तर कोणाचेच लक्ष गेले नाही. ‘संपीडक’ हा पारिभाषिक शब्द कोशात राहिला. कारखान्यात तो कधी पोहोचला नाही आणि पोहोचण्याची फारशी गरजही कोणास वाटली नाही.

प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित यंत्राचा विचार केला आहे. कोल्हापूरच्या मिस्त्री-परंपरेने यंत्र घडविण्यात असामान्य प्रावीण्य मिळविले. परंतु दाबाखालील हवा हे एकटे यंत्र नसून एक व्यवस्था आहे, ही गोष्ट लहान कारखान्याच्या व्यवहारात फार उशिरा रुजली, असे येथील प्रतिपादन आहे. या उशिराची किंमत काही अंशी विजेच्या बिलात मोजली गेली व काही अंशी कामगाराच्या छातीत. पहिली किंमत अलीकडे नोंदली जाऊ लागली आहे. दुसरीची नोंद आजही तुटक आहे.

मिस्त्री, चरक आणि ऑइल इंजिन

कोल्हापूर संस्थानात आधुनिक उद्योगाची पायाभरणी राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) झाली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलचा प्रारंभ झाला. तथापि शहराच्या पुढील यांत्रिक उद्योगाचे मूळ या मोठ्या उपक्रमांपेक्षा गुऱ्हाळघरात अधिक शोधावे लागते. पंचगंगा, भोगावती यांच्या काठच्या उसाला चरक हवा होता, चरकाला रूळ व दाते हवे होते, आणि नदीचे पाणी उचलण्यासाठी इंजिन हवे होते. आलेले इंजिन बिघडले की त्याचा सुटा भाग परदेशातून येईपर्यंत ऊस थांबत नसे. म्हणून भाग येथेच ओतावा, येथेच कातावा, येथेच बसवावा, या निकडीतून दुरुस्तीचे कसब वाढले आणि त्यातून निर्मिती आली. म्हादबा मिस्त्री यांचे नाव कोल्हापूरकर आजही आदराने घेतात ते याच संदर्भात.

येथे एक अवांतर वाटणारी, पण वस्तुतः अवांतर नसलेली गोष्ट नोंदविणे योग्य होईल. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक बाबुराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. समोर असलेली वस्तू उघडून पाहायची, तिचे मर्म हेरायचे आणि हाताशी असलेल्या साधनांनी तशीच दुसरी घडवायची, ही पद्धत कॅमेऱ्याला लागू पडली तशीच इंजिनालाही लागू पडली. तिचे सामर्थ्य त्यातच होते आणि मर्यादाही त्यातच होती. जी वस्तू उघडून पाहता येते तिचेच मर्म हेरता येते. कारखानाभर पसरलेली, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेलेली, डोळ्यांना न दिसणारी हवेची वाट उघडून पाहता येत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. त्यामागील वाय. पी. पोवार यांचे कर्तृत्व सर्वश्रुत आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींत ओतकामाचे कारखाने म्हणजेच फौंड्र्या वाढल्या. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून सुरू झालेले हे ओतकाम पंप, ट्रॅक्टर, मोटारी यांच्या भागांपर्यंत गेले. आज कोल्हापूर परिसरातील फौंड्र्यांची संख्या सुमारे तीनशे सांगितली जाते. या सर्वांच्या पोटात दाबाखालील हवा खेळत असते.

हवेचे आगमन

दाबाखालील हवेने काम करून घेण्याची कल्पना युरोपात डोंगर फोडण्याच्या निमित्ताने मोठी झाली. फ्रान्स व इटली यांना जोडणारा, बारा किलोमीटरांहून अधिक लांबीचा मों सेनीचा बोगदा १८५७ मध्ये खोदावयास घेतला गेला. १८६१ पासून तेथे जेर्मां सोमेये या अभियंत्याने हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली आणि १८७१ मध्ये बोगदा वाहतुकीस खुला झाला. हवा दाबण्यासाठी डोंगरातून येणाऱ्या पाण्याची शक्ती वापरली होती. या कामातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी. छिद्रयंत्रातून काम करून बाहेर पडलेली हवा बोगद्याच्या टोकाशी, कामगारांच्या तोंडाशी मोकळी होत असे आणि कोंदट बोगद्यात तीच त्यांना श्वासासाठी उपयोगी पडे. म्हणजे हत्यार आणि वायुवीजन ही दोन्ही कामे एकच नळी करीत होती.

जवळपास त्याच काळात, १८५६ ते १८६३ या वर्षांत, बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधला गेला. तेथील सुमारे पंचवीस बोगदे पहार, छन्नी, घण आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर पाडले गेले. त्या कामातील मनुष्यहानी भयंकर होती. आल्प्समध्ये यंत्र आणि सह्याद्रीत मनगट, हा भेद केवळ तांत्रिक मागासलेपणाचा नव्हता. स्वस्त माणूस उपलब्ध असताना महाग यंत्र कोण आणणार, हा वसाहतीतील साधा हिशेब त्यामागे होता आणि हा हिशेब वसाहत संपल्यानंतरही बराच काळ टिकला.

कारखान्याच्या आत हवा आली ती १८९० च्या दशकात. छिन्न्या मारणारा, रिव्हेट बसविणारा हवेचा हातोडा अमेरिकेत या दशकात प्रचारात आला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात चार्ल्स किंग याने आपला हातोडा मांडला होता. भारतात अशी यंत्रे प्रथम खाणी, रेल्वे, बंदरे यांच्या कामांत आली. इंगरसॉल-रँड या अमेरिकी कंपनीची भारतातील शाखाकंपनी १९२१ ची आहे. दख्खनच्या सामान्य माणसाला मात्र कॉम्प्रेसर भेटला तो विहिरीच्या काठावर. काळ्या पाषाणात सुरुंगासाठी भोके पाडणारा ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आजही खेड्यापाड्यांत त्याच नावाने ओळखला जातो. १९५० च्या दशकात कोयनेचे काम सुरू झाले तेव्हा बोगदे आणि पोफळीचे भूमिगत वीजगृह यांसाठी सह्याद्रीचा तोच खडक हवेच्या छिद्रयंत्रांनी फोडण्यात आला. बोरघाटानंतर शंभर वर्षांनी हे घडले. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि दक्षिण महाराष्ट्रातील कारखान्यांच्या दृष्टीने एक नवे युग उघडले.

वीज आणि यंत्र या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी आवाक्यात आल्या, हा योगायोग महत्त्वाचा आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. ॲटलस कॉप्को ही स्वीडिश कंपनी १९६० मध्ये पुण्याजवळ दापोडीला आली. त्याच वर्षी कोइंबतूर येथे एल्जी इक्विपमेंट्सची सुरुवात झाली. पूर्वी आयात परवाना आणि परकीय चलन यांत अडकणारा कॉम्प्रेसर आता पुण्याहून ट्रकने येऊ शकत होता. कोल्हापूरच्या कारखानदाराच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. मात्र ती खरेदीची क्रांती होती. यंत्राबरोबर पुस्तिका येत असे. कारखान्यातील नळी कोठून कशी न्यावी, हे त्या पुस्तिकेत असले तरी ते काम स्थानिक फिटरच्या सोयीने होत असे.

मांडणीचा प्रश्न

कॉम्प्रेसर बसविणे म्हणजे काय, हे नीट समजल्याखेरीज या इतिहासातील अडचण ध्यानात येणार नाही. म्हणून तांत्रिक बाबींचा काहीसा विस्तृत परामर्श येथे घेणे अपरिहार्य आहे.

पहिला प्रश्न मापाचा. यंत्राची खरेदी अश्वशक्तीच्या भाषेत होते, पण हत्यार अश्वशक्ती मागत नाही. ते मिनिटाला अमुक घनफूट हवा मागते. मध्यम आकाराच्या हवेच्या ग्राइंडरला मिनिटाला तीसेक घनफूट हवा लागते, छन्नीच्या हातोड्याला पंधरा ते वीस. आणि साधारण सात बार, म्हणजे चौरस इंचाला सुमारे शंभर पौंड दाबाला, एका अश्वशक्तीमागे चार घनफुटांच्या आसपास हवा मिळते. पाच अश्वशक्तीच्या यंत्रातून एकही ग्राइंडर सलग चालू शकत नाही, हे या साध्या गणिताने स्पष्ट होते. टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसर पाहून ज्यांनी अंदाज बांधला ते हमखास फसत. टायरला हवा क्षणभर लागते, मग टाकी निवांत भरते. हत्यार मात्र हवा सतत पीत राहते. परिणामी यंत्र दिवसभर न थांबता धडधडते, सिलिंडर तापतो आणि दाब तरीही पडलेलाच राहतो. ‘हवा कमी पडते’ ही तक्रार प्रत्येक वसाहतीत ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा या पहिल्या हिशेबातच असते.

दुसरा प्रश्न जागेचा. आवाज नको म्हणून आणि जागा वाचावी म्हणून कॉम्प्रेसर कोपऱ्यात ढकलला जातो, आणि फौंड्रीत असा कोपरा नेमका वाळूच्या ढिगाजवळ किंवा भट्टीच्या पाठीमागे मिळतो. तेथील हवा गरम असते. आत येणाऱ्या हवेचे तापमान चार अंशांनी वाढले की विजेचा खप सुमारे एक टक्क्याने वाढतो, असे ऊर्जातज्ज्ञांचे गणित आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या हवेत वाळूची बारीक धूळ असते. गाळणी स्वच्छ नसेल तर ती सिलिंडरमध्ये शिरते आणि रिंगा घासून टाकते. श्वास घेण्याची नळी शेडबाहेर, सावलीच्या बाजूस, जमिनीपासून उंच काढावी, एवढा साधा उपाय यावर आहे. त्याला खर्चही फारसा नाही. पण तो करण्यासाठी कॉम्प्रेसरही श्वास घेतो, हे आधी सुचावे लागते.

हवा दाबली की तापते. एकाच टप्प्यात सात बारपर्यंत दाबली तर सैद्धान्तिक गणिताने ती अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे जाते. दोन टप्प्यांत दाबून मध्ये थंड केली तर प्रत्येक टप्प्याअखेर एकशेतीस अंशांच्या आसपास राहते. दोन सिलिंडरांच्या यंत्राला मधोमध पंखेदार नळ्या का असतात याचे उत्तर हेच. तापलेल्या हवेत तेल जळून झडपांवर काजळी धरते, आणि काजळी साचलेल्या झडपेतून पुढे आग लागण्याचाही धोका संभवतो. जुन्या मिस्त्रींना हा प्रकार चांगला ठाऊक होता. सिलिंडर, झडप, रिंग हा त्यांचा घरचा प्रांत. इंजिनाच्या अनुभवावरून कॉम्प्रेसरचे डोके उघडून बसविणे त्यांना कधीच जड गेले नाही.

खरी अडचण यंत्राच्या पुढे सुरू होते, आणि तेथे कोल्हापूरचे हवामानही आपला वाटा उचलते.

जुलै महिना घेऊ. बाहेरचे तापमान पंचवीस अंश, आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरात सुमारे वीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. मिनिटाला शंभर घनफूट हवा देणारा कॉम्प्रेसर तासाला साधारण १७० घनमीटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर सव्वातीन लिटरांहून थोडे अधिक पाणी आत जाते. सात बारला दाबून ती हवा पुन्हा पंचवीस अंशांवर आली की तिचे आकारमान आठव्या भागावर येते आणि तिच्यात जेमतेम अर्धा लिटर पाणी वाफरूपाने राहू शकते. उरलेले पावणेतीन लिटर पाणी द्रवरूपाने कोठेतरी पडणारच. आठ तासांच्या पाळीत ते वीस लिटरांहून अधिक भरते. ते टाकीत पडले आणि खालचा नळ उघडून सोडले तर प्रश्न मिटतो. हवा गरम असतानाच टाकीतून पुढे गेली, तर हे पाणी नळीत आणि शेवटी हत्यारात पडते.

म्हणून टाकीपूर्वी हवा थंड करणारे उपकरण हवे. टाकी पुरेशी मोठी हवी. शंभर घनफुटांच्या यंत्राला पाचशे लिटरांची टाकी ठेवण्याचा प्रघात आहे. मुख्य नळीला वाहण्याच्या दिशेने शंभरास एक असा उतार हवा आणि सखल टोकाला पाणी काढण्याचा नळ हवा. हत्याराकडे जाणारी फांदी मुख्य नळीच्या तळातून न काढता वरून काढून, हंसाच्या मानेसारखी वळवून खाली आणावी लागते. तसे केले नाही तर तळाने वाहणारे पाणी थेट हत्यारात उतरते. प्रत्येक फांदीच्या टोकाला गाळणी, दाब-नियंत्रक आणि तेलाची कुपी असे त्रिकूट बसवावे लागते, कारण हत्याराला पाणी नको असते, पण वंगणाचे तेल हवे असते. मोठ्या कारखान्यात मुख्य नळी शेडभोवती पूर्ण कडे करून जोडतात, म्हणजे कोणत्याही ठिकाणी हवा दोन्ही बाजूंनी पोहोचते आणि दाब सारखा राहतो.

लहान कारखान्यातील नळीचा इतिहास मात्र असा नकाशावर काढलेला नसतो. तो साठत गेलेला असतो. प्रथम एक ग्राइंडर आला, त्याच्यासाठी सरळ एक नळी टाकली. पुढे साचे दाबण्याचे यंत्र आले, तेव्हा जवळच्या जोडातून फांदी काढली. शेड वाढली, नळी वाढली, व्यास तोच राहिला. मधली एक भिंत पाडली, नळी तेथे खाली झुकली आणि त्या झोळात पाणी साचू लागले. रबरी नळीचे जोड तारेने आवळले गेले. अशा नळीचे निरीक्षण करणे म्हणजे त्या कारखान्याच्या तीस-चाळीस वर्षांच्या भरभराटीचा आणि तंगीचा आलेख वाचणेच होय. इतिहासाच्या अभ्यासकांनी कागदपत्रांइतकेच या नळीकडेही साधन म्हणून पाहावयास हरकत नाही.

पाण्याचा परिणाम फौंड्रीत आणखी एका वाटेने उमटतो. साचा तयार झाल्यावर त्यातील सुटी वाळू हवेच्या झोताने उडवतात. त्या झोतात पाणी असेल तर साच्याचा तेवढा भाग ओलावतो. वितळलेले लोखंड त्याला भिडताच वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. कामगार तिला ‘ब्लो-होल’ म्हणतात. पावसाळ्यात नापास माल वाढला की दोष बहुधा वाळूला, कधी बेंटोनाइटला, कधी मोल्डरला दिला जातो. त्यातील काही वाटा नळीचा असू शकतो, ही शंका येण्यासाठी हवेकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची सवय लागते.

ती सवय का लागली नाही? उत्तर बहुधा एका शब्दात आहे : हवा फुकट असते. लोखंड तोलून घेतले जाते, कोळसा तोलून घेतला जातो, हवा कोणी तोलून घेत नाही. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे एक भोक पडले तर त्यातून मिनिटाला वीसेक घनफूट हवा निघून जाते आणि ती दाबण्यासाठी साधारण चार किलोवॉट वीज सतत खर्च होते. रोज सोळा तास, वर्षात तीनशे दिवस कारखाना चालतो असे धरले तर या एका भोकाची किंमत एकोणीस हजार युनिटांच्या घरात जाते. तेल गळले तर डाग दिसतो, पाणी गळले तर ओल दिसते. हवा गळते तेव्हा फक्त फुसफुस ऐकू येते, आणि भट्टीच्या व ग्राइंडरच्या कल्लोळात तीही बुडून जाते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली आणि त्यानंतर लेखापरीक्षकांची ये-जा वाढली, तेव्हा रविवारी कारखाना बंद ठेवून टाकी किती वेळात रिकामी होते हे घड्याळ लावून पाहण्याची पद्धत लहान उद्योगांपर्यंत आली. निगा नसलेल्या कारखान्यांत उत्पादित हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा गळतीत जाते, असा ऊर्जातज्ज्ञांचा सर्वसाधारण अनुभव आहे. दट्ट्याच्या जागी फिरत्या स्क्रूचे कॉम्प्रेसर आले. त्यांचे मूळ १९३० च्या दशकातील स्वीडनमधील लायशोल्म यांच्या संशोधनात आहे. गरजेनुसार गती बदलणारी विद्युत-व्यवस्थाही आली. मात्र नवे यंत्र जुन्याच नळीला जोडले गेले, तर अधिक कार्यक्षमतेने तयार झालेली हवा त्याच भोकांतून बाहेर जाते.

मोल्डरचा खांदा, फेटलरची छाती

आतापर्यंतचे विवेचन मालकाच्या बाजूने झाले. आता हत्याराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला पाहिजे.

दाबाखालील हवेने कामगाराचे कष्ट कमी केले, हे निःसंशय. पूर्वी मोल्डर साच्याच्या पेटीत वाळू भरून हाताने ठोकणीने ती घट्ट करीत असे. दिवसाकाठी शेकडो पेट्या, प्रत्येक पेटीला डझनावारी ठोके. हवेवर उसळून आपटणारे आणि वरून दाबणारे साचायंत्र आले. भारतीय फौंड्र्यांत ‘आर्पा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांनी ते घरोघरी पोहोचविले म्हणावयास हरकत नाही. ठोकणीचे काम या यंत्राने घेतले आणि मोल्डरच्या खांद्यावरचा भार उतरला. या एका बाबतीत मालकाचा लाभ आणि कामगाराचा लाभ एकाच दिशेने गेले.

फेटलिंगच्या विभागात, म्हणजे कास्टिंगवरची वाळू व जादा लोखंड काढून ते साफ करण्याच्या जागी, तसे झाले नाही. छन्नी-हातोड्याने कास्टिंग साफ करणारा कामगार घामाघूम होई, पण त्याच्या प्रत्येक घावाने उडणारे कण बहुतांशी जाड असत आणि लवकर खाली बसत. हवेचा हातोडा आणि वेगवान ग्राइंडर आल्यावर काम अनेक पटींनी झाले आणि धूळही अनेक पटींनी झाली, शिवाय ती सूक्ष्म झाली. डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे हे कण नाकात अडकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि क्षयाला वाट करून देतो. अमेरिकेतील व्हरमाँटच्या ग्रॅनाइट कामगारांत हवेची हत्यारे आल्यानंतर या रोगाने कहर केला होता. हाताचीही वेगळी कथा आहे. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या वैद्यक संशोधिकेने इंडियाना राज्यातील चुनखडी घडविणाऱ्या कामगारांची तपासणी केली तेव्हा हवेचा हातोडा धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, असे तिला आढळले. म्हणजे कोल्हापुरात हे हत्यार सर्वसामान्य झाले त्याच्या चार दशके आधी त्याचे दोष छापून प्रसिद्ध झालेले होते. हत्यार आले, पण त्याविषयीचे हे ज्ञान त्याच्याबरोबर आले नाही.

कायद्याने या बाबींची दखल घेतली नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वातावरणापेक्षा अधिक दाबाने चालणाऱ्या यंत्रसामग्रीविषयी स्वतंत्र कलम होते, धोकादायक प्रक्रियांवर नियंत्रणाची तरतूद होती आणि कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या अनुसूचीत सिलिकोसिसचे नाव होते. परंतु त्या अधिनियमाच्या मूळ तरतुदीप्रमाणे विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असल्याखेरीज तो लागू होत नसे. उद्यमनगरातील गाळा आणि दहाचा आकडा यांचे नाते कसे असते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक शहराशी परिचित असलेल्या वाचकास वेगळे सांगावयास नको. ब्रिटनने १९४९ मध्ये कास्टिंग साफ करण्याच्या झोतासाठी वाळू वापरण्यास बंदी घातली. भारतात मात्र लोखंडी छऱ्यांचे यंत्र परवडणाऱ्याने वाळू सोडली आणि न परवडणाऱ्याने ती तशीच ठेवली, असे चित्र दीर्घकाळ राहिले.

आणि येथे मों सेनीच्या बोगद्याची आठवण होते. तेथे हत्यारातून सुटलेली हवा कामगाराचा श्वास झाली होती. फेटलिंगच्या कोपऱ्यात हत्यारातून सुटलेली हवा त्याच्याभोवती बसलेली धूळ पुन्हा उडवते. धूळ शोषून घेणारा पंखा आणि त्याची नळी ही कॉम्प्रेसरच्या मांडणीचाच भाग मानली गेली असती, म्हणजे जितकी हवा आत तितकी धूळ बाहेर असा हिशेब खरेदीच्या वेळीच झाला असता, तर या इतिहासाला वेगळे वळण लागले असते. प्रत्यक्षात हवा उत्पादनाच्या खर्चात धरली गेली आणि पंखा कल्याणाच्या खर्चात. मंदीच्या वर्षी यांपैकी कोणता खर्च प्रथम कापला जातो, हे उघड आहे.

पाळी सुटताना फेटलर त्याच झोताने अंगावरची धूळ उडवतो. कपडे झटकले जातात, केस झटकले जातात, शेजारी उभा असलेला आपली पाठ पुढे करतो. घरी लेकराबाळांत जाण्यापूर्वी स्वच्छ व्हावे ही त्यामागची भावना. ती धूळ क्षणभर शेडमध्ये तरंगते आणि दोघांच्याही श्वासात जाते. सात बारचा झोत उघड्या कातडीवर किंवा कानाजवळ धरणे किती घातक आहे, याची पाटी काही ठिकाणी लावलेली आढळते, पण बहुधा ती धुळीने वाचता येत नाही.

कारखान्याच्या यंत्रसामग्रीच्या नोंदवहीत कॉम्प्रेसरची नोंद असते. त्याची बनावट, अश्वशक्ती, खरेदीचे साल, दरवर्षीचा घसारा हे सर्व तेथे सापडते आणि त्यावरून यंत्राचा इतिहास लिहिता येतो. फेटलिंगचे काम मात्र पुष्कळ ठिकाणी टनावारी ठेक्याने दिले जाते. त्यामुळे हत्यार धरणाऱ्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असतेच असे नाही. खोकला वाढला की तो गावी जातो आणि ठेकेदार दुसरा माणूस आणतो. त्या पहिल्या माणसाचे पुढे काय झाले याची चौकशी कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासाला करावयाची असेल, तर नोंदवह्या बाजूला ठेवून राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या वाड्यांकडे, किंवा कामगार ज्या परप्रांतातून आले त्या गावांकडे जावे लागेल.